काहीच दुखत नव्हतं, तीच अडचण होती

सातव्या महिन्यात उपकेंद्रात सिस्टरनी बीपी मोजलं, १५०/१००. मला भिंतीला टेकून बसवलं, बोलायचं नाही म्हणाल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. आकडा तोच. लघवीत प्रोटीन नव्हतं. दुसऱ्या दिवशी नऊ तारीख होती. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, म्हणून आशाताई मला मंगळवेढ्याला घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जायला लागलं की ते गरोदरपणातलं बीपी. लॅबेटालॉलच्या गोळ्या दिल्या. आमच्या मामंजींनाही बीपी आहे, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांचीच गोळी घे की! बीपीच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात हे डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून वाचले.

खरा त्रास घरातला. मला काही दुखत नव्हतं, दिसायला मी धडधाकट. त्यात ज्वारीची काढणी आलेली. "आमच्या वेळी कुठं होतं बीपी?" हे मी किती जणींच्या तोंडून ऐकलं! मीठ पार बंद कर म्हणणाऱ्याही त्याच. डॉक्टर म्हणाले, अळणी खायचं नाही, फक्त लोणचं-पापड आवरायचं. शेंगाचटणी मी चिमूटभर खात राहिले. सोलापूर जिल्ह्यात राहून तीही सोडायची म्हणजे अतिच.

एका खेपेला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सोबत आल्या आणि चित्र पालटलं. डॉक्टरांनी त्यांनाच समजावलं: डोकं सणकून दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, बरगडीखाली दुखायला लागलं, तोंड-हात सुजले, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या दिवसापासून आत्याबाई रोज संध्याकाळी, पाहुण्यांसमोरसुद्धा, "डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात का गं?" असं खणखणीत आवाजात विचारायच्या. आशाताई बीपी मोजून आकडा माता-बाल कार्डावर लिहायच्या.

नववा लागल्यावर एका रात्री डोकं ठणकायला लागलं. १०८ ला फोन आत्याबाईंनीच करायला लावला. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये कार्ड बघताच जास्त प्रश्न न विचारता आत घेतलं. आता लघवीत प्रोटीन होतं, म्हणजे दुखणं वाढलं होतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं. ते शिरेतून जाताना अंगातून गरम लाट फिरते, घाबरायचं नाही. मग कळा सुरू केल्या. मुलगी झाली, वजनानं जरा कमीच, पण रडली खणखणीत.

बाळंतपण झालं की गोळ्या बंद, असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. त्यानंतरच्या आठवड्यात बीपी आणखी चढू शकतं, झटकेही तेव्हा येऊ शकतात. म्हणून माहेरी जातानाही गोळ्यांची पुडी आधी पिशवीत टाकली आणि तिथल्या उपकेंद्रात मोजत राहिले. सहा आठवड्यांच्या तपासणीत बीपी उतरलेलं होतं, गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. वर्षातून एकदा मात्र मोजायचंच, कारण अशा बायकांना पुढं कायमचं बीपी जडायची शक्यता जास्त असते.

"पुढच्या खेपेला दिवस राहिले की लगेच या, बारा आठवड्यांनंतर ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू करू," असंही ते म्हणाले. पुढची खेप कधी, हे आत्याबाईंनी तिथंच विचारून घेतलं. मी बाळाचं टोपडं सारखं करत बसले.