पिवळ्या दोन रेघा

गाडी चार-पाच वर्षं वापरून विकायची असेल तर इंजिन बघून घ्यावी. कायमची ठेवायची असेल तर चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघून घ्यावी. हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला, पण आमच्याकडचं गिऱ्हाईक आधी नंबरप्लेट बघतं. चॉइस नंबर असला की निम्मा सौदा तिथंच ठरतो. उरलेला निम्मा बोनेटखालचं चकचकीत इंजिन बघून ठरतो. गाडीखाली वाकायचं म्हटलं की पांढरे कपडे आडवे येतात.

माझं गॅरेज उद्यमनगरात आहे, आणि कोल्हापुरात राहून जुन्या गाडीच्या इंजिनाला भिणाऱ्या माणसाचं मला खरंच नवल वाटतं. या गावानं ऑइल इंजिनं घडवली. ब्लॉक बोअर करणं, लायनर ठोकणं, क्रँक ग्राइंड करणं, हेड फेस करून प्रेशर टेस्ट लावणं, ही सगळी कामं माझ्या दारापासून चालत जायच्या अंतरावर होतात. गिअरबॉक्स उघडता येतो, क्राऊन-पिनियन बदलता येतं. चासीचं तसं नाही. गाडीचा नंबर चासीवर ठोकलेला असतो आणि कागदावर तो नंबर म्हणजेच गाडी. इंजिन बदललं तर रीतसर आरटीओत नोंद करून घेता येते. चासी आतून कुजली की ठिगळं लावत बसायचं, आणि ठिगळाच्या शेजारचं लोखंड पुढच्या पावसाळ्यात जातं.

हे सगळं ज्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही असं एकच गिऱ्हाईक मला भेटलं. कागलकडच्या एका साखर कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले साहेब. हंगाम संपला की मिल उघडायची, रोलर काढायचे, बेअरिंगं मोजायची आणि माप रजिस्टरला चढवायचं, यात त्यांचा जन्म गेला. ते आले आणि म्हणाले, "मिस्त्री, शेवटची गाडी घ्यायचीय. सात माणसं बसली पाहिजेत, गारगोटीकडच्या आमच्या वाडीवर चिखलातनं गेली पाहिजे, आणि दरवर्षी एक-एक भाग उघडून मला ती नवी करत न्यायचीय." नव्या गाडीचे पैसे त्यांच्याकडं होते. पण नव्या गाडीत आपल्याला हात घालायला काही ठेवलेलंच नसतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

आधी कोणती गाडी यावर चर्चा. साहेबांचं मन पजेरो एसएफएक्सवर होतं. २.८ लिटरचं डिझेल इंजिन, साधा मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटरची कटकट नाही. गाडी माझ्याही आवडीची. पण मित्सुबिशीच्या नव्या गाड्या आता भारतात मिळत नाहीत आणि एखादा पार्ट लागला तर कुर्ल्याच्या भंगारबाजारात माणूस पाठवून वाट बघायची. एंडेव्हर दणकट आहे, फोर्डनं मात्र २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. इंजिनाचे पार्ट मिळतील हो, पण एखादं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल गेलं तर चांगली गाडी दारात उभी राहणार. नवीन सफारीला चासीच नाही, पत्र्याचा सलग सांगाडा आहे. ती ठेवून-ठेवून बांधायची गाडी नव्हे. उरल्या दोन. फॉर्च्युनर, म्हणजे पार्ट महाग पण मिळणार. आणि जुनी सफारी स्टॉर्म, म्हणजे दारं वाजणार, काचेची बटणं रुसणार, पण पार्ट तालुक्याच्या दुकानातसुद्धा मिळणार. लष्करानं २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्मची ऑर्डर दिली होती, तेव्हा खालचं सामान कच्चं नाही हे साहेबांना पटवायला वेळ लागला नाही.

त्यातली फॉर्च्युनर आधी बघायला मिळाली. काळी, २०१२ ची, तीन लिटरची, एका जुन्या गाड्या विकणाऱ्या शेठच्या आवारात. मीटर लाखाच्या आत, किंमत बाजारापेक्षा चांगलीच कमी. इंजिन चावी फिरवताच लागलं. ऑइलचं झाकण काढून हात धरला, वाफ नाही की धूर नाही. माझ्याबरोबरच्या पोरानं स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. "आण्णा, घ्या म्हणून सांगा," म्हणाला. हल्लीच्या पोरांचं हे असं आहे. स्कॅनर गप्प राहिला की यांची तपासणी संपली. स्कॅनर वायरिंगशी बोलतो, लोखंडाशी नाही.

मी खाली सरकलो. सगळी चासी काळ्याभोर नव्या अंडरकोटनं माखलेली. इतक्या वर्षांच्या गाडीला खालून नवा रंग लावायला कोणाला एवढी हौस येते? चासीच्या आतून पोकळ पेटीला पाणी निघून जायला खालून भोकं असतात. त्यासाठी माझ्याकडं सायकलची एक तार आहे, टोकाला वाकवून चपटी केलेली. ती मागच्या चाकाच्या वरच्या वळणाच्या भोकातनं आत घातली, फिरवली आणि ओढली. तारेबरोबर मैद्यासारखा बारीक, वाळलेला गाळ आला. पुन्हा घातली. या वेळी गाळात उसाच्या पाचटाचा तुकडा होता.

कोल्हापूरच्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, आणि तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या पाणी ओसरेपर्यंत तशाच राहिल्या. विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी, धरलेली गाडी लिलावात जाते, कुणीतरी ती उभी करतो आणि ती पुन्हा बाजारात येते. यात बेकायदा काही नाही. न सांगता विकण्यात आहे.

आता आतनं बघायचं ठरवलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, कारण गुंडाळीच्या तळाशी पुराची रेघ राहते. बेल्ट नवेकोरे होते. पाची सीटचे नव्हे, सातीच्या सात. इथं मी जरा थांबलो. पुराची गाडी झाकणारा माणूस बेल्टवर पैसे घालवत नाही. मॅट उचलली, सीटचे बोल्ट बघितले, आणि प्रत्येक बोल्टावर मला पिवळ्या दोन रेघा दिसल्या.

हे थोडं समजावून सांगायला पाहिजे. बोल्ट आवळून झाला की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. हे बरेच जण करतात. माझ्या गॅरेजात दोन रेघा ओढायचा नियम आहे. एक आवळणाऱ्याची, दुसरी तिच्यावर तिरकी, तपासणाऱ्याची. सायकलच्या दुकानातला पिवळा ऑइल पेंट, काडीनं. कोल्हापुरात दुसरं कुणी हे करताना मी बघितलेलं नाही. आणि ज्यानं हे केलं होतं, तो माझ्याकडंच आयटीआयनंतर येऊन तयार झालेला, आता स्वतंत्र काम करणारा एक पोरगा. एकटाच काम करतो. म्हणजे पहिली रेघ त्याचीच आणि दुसरीही त्याचीच. सीटखाली, कार्पेटखाली, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथंही.

साहेबांना तिथंच बाजूला घेऊन गाळ दाखवला. त्यांनी तो बोटांत चोळला, पाचट बघितलं, म्हणाले, "आपल्या ओळखीचं दिसतंय," आणि शेठला नमस्कार करून गाडीत बसले. रेघांबद्दल मी त्यांना काही बोललो नाही.

संध्याकाळी त्या रेघावाल्या पोराला फोन लावला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय आण्णा, मीच केली. वायरिंगचा एकेक जोड सोडून धुतला. ऑइलं दोनदा बदलली, टायमिंग बेल्ट नवा टाकला. चासी आतनं धुऊन गंजाला मेण माराय पायजे म्हणून शेठला सांगितलं. ते म्हणाले, खालनं काळा रंग मार आणि सोड."

"मग गिऱ्हाइकाला सांगाय नको?"

"गिऱ्हाईक माझ्यासमोर येतंय कुठं? माझ्यासमोर शेठ येतोय. गाडी तुम्ही शिकवलं तशी केली का न्हाई, तेवढं सांगा."

केली होती. चासी सोडली तर बाकीचं काम मी स्वतः केलं असतं तरी याहून चांगलं झालं नसतं, आणि हेच मला खटकत राहिलंय. वाईट काम असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. इतकं नेटकं काम केल्यामुळंच ती गाडी निर्धास्त विकता येत होती. शेठसारख्याला अशीच प्रामाणिक हाताची माणसं लागतात. कामचुकार मिस्त्री त्याच्या काय कामाचा?

यात भर म्हणजे शेठनं गृहीत धरलं की पोरानंच मला आतली खबर दिली. त्याचं काम बंद केलं. मी शेठला स्वतः जाऊन सांगितलं, तार दाखवली, गाळ दाखवला. त्यांनी चहा पाजला आणि विश्वास ठेवला नाही. पोरगा तेव्हापासून माझा फोन उचलत नाही.

साहेबांची गाडी शेवटी कवठेमहांकाळकडं एका द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये मिळाली. स्टॉर्म, फोर-बाय-फोर, २०१४ ची. रंग उडालेला, क्लच घसरत होता, निळा धूर, इंजिनाच्या ब्रिदर नळीतनं भक्‌भक्‌ वाफ, आणि पुढची थोडी वायरिंग उंदरानं कुरतडलेली. तार घातली तर भोकातनं लाल धूळ तेवढी पडली. कोरड्या मुलखातली गाडी घ्यावी ती यासाठी. किनारपट्टीवरची, त्यातनं मासळी-बर्फ वाहिलेली गाडी कितीही चमकत असली तरी मी खाली न वाकता नको म्हणतो. नोंदणी २०२९ पर्यंत आहे. पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली होती, हे साहेबांनी आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, धूर टाकणारी गाडी घेतलीत?" साहेब म्हणाले, "हो, धूर निघतो. गाळ निघत नाही."

इंजिन उघडलं. एक इंजेक्टर गळका होता, त्यानं एका सिलिंडरची भिंत धुऊन काढली होती. हेड मात्र सरळ. साहेब स्टुलावर बसून प्रत्येक माप रजिस्टरला लिहीत होते आणि समोर माझी सही घेत होते. कारखान्यात फिटरच्या सहीशिवाय बेअरिंगचं झाकण लागत नसे म्हणे. आमच्या धंद्यात सही करतो कोण? बिलावर दुकानाचा शिक्का असतो, बस्स.

गेल्या आठवड्यात ती काळी फॉर्च्युनर माझ्या दारात उभी राहिली. निपाणीकडचा तरुण ठेकेदार, एसीचा ब्लोअर आवाज करतो म्हणून आलेला. बोनेट उघडायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. तार घालून दाखवली. तो आधी माझ्यावरच चिडला, मग शेठला दोन शिव्या घातल्या, मग विचारलं, "आता हिचं काय करू?"

गाडी फेकून द्यायची नाही म्हटलं. लोखंड अजून ठोकल्यावर खणखणतंय. पेटीच्या सगळ्या भोकांतनं प्रेशरनं पाणी मारून गाळ काढायचा, उन्हात पुरती वाळू द्यायची, मग आत मेणाचा फवारा. पावसाळ्याच्या आत. तो म्हणाला, कधी आणून सोडू? मी म्हटलं माझ्याकडं नको, आणि कागदावर पोराचा नंबर लिहून दिला. या गाडीचा एकेक बोल्ट त्याच्या हाताखालनं गेलाय, त्याच्याइतकी ती कुणाला माहीत नाही. "आणि त्याला सांगा," म्हटलं, "काय केलं ते वहीत लिहून खाली सही करून दे."