पर्ल आणि अल्कोहोल

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनची आशेवरची ती प्रसिद्ध कविता कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरंच वाटलं होतं की बाईंचं यमक चुकलंय. पहिल्या कडव्यात जोडी कसली, तर 'सोल' आणि 'ऑल', आणि आपला कान वारा-तारा, माळ-बाळ अशा घट्ट यमकावर वाढलेला.

इंग्रजीत ट्रू राइम म्हणजे शब्दातल्या ज्या स्वरावर जोर पडतो तिथून पुढचं सगळं सारखं आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं. म्हणून रनिंग-कनिंग जुळतं, पण रनिंग-सिंगिंग नाही जुळत, दोन्हीकडे शेवटी 'इंग' असूनही, कारण जोर 'रन' आणि 'सिंग'वर आहे. आपल्याला हे पटायला वेळ लागतो, मराठीत असा जोराचा हिशोब आपण करतच नाही ना. आणि स्लँट राइम म्हणजे शेवटचं व्यंजन तेच पण स्वर निसटलेला. आपल्याकडचंच घ्या, फूल-मूल हे पक्कं यमक आणि फूल-मोल हे स्लँट. (लव्ह-मूव्ह हा तिसराच प्रकार, तिथे फक्त स्पेलिंग जुळतं.)

पण मला हे खरं कळलं ते डिकिन्सनच्याच दुसऱ्या एका कवितेमुळे, जिच्यात दारूचा थेंबही न घेता नुसत्या हवेची आणि दवाची नशा चढलीय. त्यात 'पर्ल'शी तिने जुळवलाय 'अल्कोहोल', म्हणजे जुळतो फक्त शेवटचा ल. १८६१ मध्ये ही कविता स्प्रिंगफील्डच्या पेपरात विनानाव छापून आली तेव्हा ती ओळच बदललेली होती, 'पर्ल'पुढे 'व्हर्ल', अगदी गुळगुळीत. मला हे वाचून फार वाईट वाटलं. चर्चमधल्या भजनासारखी चाल चाललीय, कान ठरलेल्या जागी ठरलेल्या आवाजाची वाट बघतोय आणि तिथे असा आडदांड शब्द येऊन आदळतो, झिंगलेल्या माणसाचा पाय अडखळावा तसा, आणि नेमकं तेच काढून टाकलं! ती गेल्यावर १८९० मध्ये जो पहिला संग्रह आला त्यातही संपादकांनी बऱ्याच ठिकाणी यमकं सरळ करून टाकली, तिच्या हस्तलिखिताबरहुकूम सगळ्या कविता एकत्र यायला १९५५ उजाडलं.

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन तर याच्याही पुढे गेला. त्याच्या कवितेत एक सैनिक आणि त्यानेच मारलेला शत्रू जमिनीखाली भेटतात आणि ओळींच्या शेवटी येतं ग्रोइंड-ग्रोन्ड, हॉल-हेल, म्हणजे पुढची-मागची व्यंजनं तीच, मधला स्वर तेवढा बदललेला, आपल्या माळ-मूळसारखं. ४ नोव्हेंबर १९१८ ला तो लढाईत मारला गेला, पंचवीस वर्षांचा होता, आणि आठवड्याने युद्ध थांबलं. त्या विषयाला पक्की यमकं लावली असती तर गाणं झालं असतं त्याचं, असं मला मनापासून वाटतं.

मोठ्याने म्हणून बघा एकदा. हॉल म्हणताना ओठ गोल होतात, हेल म्हणताना फाकतात, आणि जीभ मात्र दोन्ही वेळा त्याच जागी जाऊन टेकते.