कळमन्याच्या पट्टीपासून सुरू झालेली आमची वाटचाल

आज आम्ही पाच जण आहोत, नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात दोन खोल्यांचं ऑफिस आहे. सुरुवातीला मी एकटाच होतो, क्लासेसच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट बनवायचो. पैसे मिळायचे पण काम टिकायचं नाही.

मग नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडतियाभाऊंनी, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालांनी, बोलावलं. शेतकऱ्याला विक्रीचा हिशोब लिहून मिळतो त्या कागदाला पट्टी म्हणतात. म्हणाले, "सॉफ्टवेअर हाये आमच्याकडं, पण पट्टी इंग्रजीत निघते. शेतकरी कागद घेऊन मुनीमजीले विचारत बसते. मराठीत काढून देता का?" मी लगेच हो म्हटलं, मला वाटलं दोन दिवसांचं काम.

दीड महिना लागला. स्क्रीनवर मराठी छान दिसायची आणि थर्मल प्रिंटरवर नुसती प्रश्नचिन्हं. त्या प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच, आणि असती तरी जोडाक्षरं कोण जुळवणार? शनिवारी आम्ही शहरातले सात-आठ प्रोग्रामर धरमपेठेत चहाला जमायचो, ज्याचं जे अडलं ते तो मांडायचा. तिकीट मशीनवर काम केलेला एक मित्र म्हणाला, अक्षरं पाठवूच नको, ओळीचं चित्र काढ आणि ठिपके पाठव. 80 मिलिमीटरच्या कागदावर आडवे 576 ठिपके, त्यात पट्टी बसवली. पण ब्लूटूथवर चित्र जायला वेळ लागे आणि लिलावानंतर रांग लागलेली असते, म्हणून फक्त नाव-गावाची ओळ चित्र केली, आकडे प्रिंटरच्याच फॉन्टमध्ये ठेवले. पहिली पट्टी घेऊन एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी ठरवलं, आपण हेच काम करायचं.

जुलै 2016 मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, अडत (अडतियाची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. म्हणजे पट्टीतली एक वजावट उचलून दुसऱ्याच बिलात टाकायची, आणि जुन्या पट्ट्यांचा हिशोब मात्र बिलकुल हलता कामा नये. आम्ही तो दर कोडमध्येच लिहून ठेवला होता, ही माझी चूक. तेव्हापासून प्रत्येक दराला 'कधीपासून' अशी तारीख लावतो. नवीन मुलं आली की आधी हेच शिकवतो.

सगळ्यात जास्त छळलं ते वऱ्हाडे या आडनावानं. एकाच शेतकऱ्याची दोन खाती झाली, उचल एकात आणि माल दुसऱ्यात, पट्टीत उचल कापलीच गेली नाही, आणि स्क्रीनवर दोन्ही नावं अगदी सारखी. चार दिवस डेटाबेसवर संशय घेतला. शेवटी एकेक अक्षराचा कोड छापून पाहिला तेव्हा समजलं की 'ऱ्ह' दोन पद्धतीनं टाइप होतो, एकात ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि ह, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड. मुनीमजी कॉम्प्युटरवर टाइप करायचे, मुलगा मोबाईलवर. आता नाव साठवण्याआधी आम्ही एकाच रूपात आणतो, शोधतानाही तेच. विदर्भात ज्याला सॉफ्टवेअर विकायचं आहे त्यानं हे आधी करावं, कळकळीनं सांगतो.

सध्या संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल यायच्या आधी पट्टी एसएमएसनं पाठवायच्या कामावर बसलोय. थर्मल कागदावरची छपाई उन्हात, खिशात उडून जाते आणि सहा महिन्यांनी शेतकरी दुसरी पट्टी मागायला येतो. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, मराठीत 70, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजतात, वऱ्हाडे डोळ्याला तीन अक्षरं पण मोजणीत सात. नाव, वजन, भाव, निव्वळ रक्कम एवढं बसतंय, गाव राहून जातंय. गाव काढू नका म्हणतात अडतियाभाऊ, कारण त्यांच्या वहीत एकाच नावाचे तीन शेतकरी आहेत. काल रात्री 'निव्वळ' काढून 'नक्की' टाकलं, एक अक्षर वाचलं. काटोल बसलं, सावनेर अजून बसायचं आहे.