माशांचे विसण

आंघोळीच्या बादलीत आधी कढत पाणी ओतायचे आणि मग गार पाण्याचे विसण घालत, मनगट बुडवून पाहत, अंगाला सोसेल इतपत ते आणायचे, ही रीत आमच्या घरात गिझर आल्यावर संपली आणि तिच्याबरोबर विसण हा शब्दही बोलण्यातून निघून गेला. तो पुन्हा आला तो दोन फुटी काचेच्या टाकीतल्या माशांमुळे. फरक इतकाच की त्यांचे विसण उलटे असते. तिथे गार पाण्यात कढत पाणी घालावे लागते, आणि मनगटावर मुळीच विश्वास ठेवून चालत नाही.

मनगटाची ही अडचण माझ्या लक्षात आली ती आईमुळे. टाकी आणली त्या हिवाळ्यात तिने सहज पाण्यात बोट घातले आणि ती कळवळून म्हणाली, "अरे, हे तर गारठलेलं पाणी आहे! बिचाऱ्यांना हुडहुडी भरेल." तापमापीवर २६ अंश दिसत होते, म्हणजे टाकीतल्या एंजल, गप्पी आणि निऑन टेट्रा या तिन्ही जातींना मानवेल असे पाणी होते. आपले शरीर ३७ अंशांवर चाललेले असते, त्यामुळे २६ अंशांचे पाणी आपली उष्णता ओढून घेते आणि आपण त्याला गार म्हणतो. माशांना स्वतःची अशी ऊब नसते. पाण्याचे तापमान तेच त्यांच्या रक्ताचे तापमान, आणि तेच त्यांच्या भुकेचे, पचनाचे आणि श्वासाचे माप. पाणी उतरले की त्यांचे खाणे मंदावते, न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि थंडीपाठोपाठ घाण पाण्याचा त्रास सुरू होतो. तेव्हा काचेबाहेर स्वेटर घालून बसलेल्या माणसाने आपल्या कुडकुडण्यावरून त्यांच्या सुखदुःखाचा अंदाज बांधू नये.

अर्थात नाशिकच्या थंडीत चिंता करावी लागते, हे खरेच आहे. शेजारच्या निफाड तालुक्यात पारा इतका उतरतो की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी देतात. माझी बाग पन्नास लिटरांची, आणि तिची शेकोटी म्हणजे काचेच्या नळीतला पन्नास वॉटचा हीटर. पाण्याचा स्वभाव मोठा संथ आहे. एवढे पाणी एका अंशाने तापवायला, उष्णता बाहेर अजिबात निसटत नाही असे धरले तरी, या हीटरला तासाहून जास्त वेळ लागतो. आणि ती तर काचेतून आणि पृष्ठभागावरून सतत निसटत असते. पण हाच संथपणा उपयोगीही पडतो. एका जानेवारीत रात्री पाच तास वीज गेली, तेव्हा टाकीच्या तीन बाजूंना जुनी गोधडी गुंडाळून मी विजेरीच्या उजेडात तापमापी पाहत बसलो होतो. खोलीतली हवा बोचरी झाली तरी पाणी जेमतेम दोन अंशांनी उतरले. मासे झोपले होते. जागा मीच होतो.

खरा धोका असतो तो पाणी बदलण्याच्या दिवशी. दर आठवड्याला पाव टाकी, म्हणजे साधारण बारा लिटर पाणी मी बदलतो. नळाच्या पाण्यातले क्लोरिन उडावे म्हणून ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवतो, आणि याच शहाणपणामुळे हिवाळ्यात ते सकाळपर्यंत १६ अंशांवर येते. तसेच ओतले तर टाकीचे तापमान क्षणात अडीच अंशांनी खाली येईल. म्हणून त्याच बादलीतले दीड लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून उरलेल्यात मिसळायचे, ढवळायचे, तापमापी वाचायची आणि मगच मगाने सावकाश टाकीत सोडायचे. पहिल्या वर्षी मी हे सारे हाताच्या अंदाजाने करीत असे. त्याचे फळ म्हणून एके सकाळी निऑनच्या अंगावर रवा शिंपडावा तसे पांढरे ठिपके दिसले. हा ठिपक्यांचा रोग एका परजीवीचा आहे आणि थंडीचा धक्का बसलेल्या माशांवर तो सहज बसतो. त्यावर औषधाबरोबर पाण्याची ऊबही हळूहळू वाढवतात, कारण उबेत त्या परजीवीचे जीवनचक्र भराभर पुढे सरकते आणि तो माशाचे अंग सोडून पाण्यात आला की औषधाच्या तावडीत सापडतो. सात निऑनपैकी चार वाचले. त्याच धांदलीत मी चालू हीटर पाण्याबाहेर काढला आणि त्याची नळी तडकली. बटण बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, ही सूचना खोक्यावर छापलेली होती.

टाकीत गोल्डफिश का नाही, असे पाहुणे नेहमी विचारतात. तो थंड पाण्याचा मासा आहे; दुकानात तो एंजलशेजारी पोहताना दिसतो, पण एकाला सुखावणारे पाणी दुसऱ्याला सोसावे लागते. एंजलचे कूळ अमेझॉनचे. माझा एंजल बहुधा चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या एखाद्या हौदात जन्मलेला असेल, कारण शोभेच्या माशांची पैदास तिथे घरोघर चालते. तरीही ऊब तो पूर्वजांचीच मागतो.

एप्रिलमध्ये हीटर पुसून स्वेटरांच्या कप्प्यात जातो आणि प्रश्न उलटा होतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्याच वेळी माशांच्या शरीराची मागणी मात्र वाढलेली असते. यावर माझा उपाय माठाचाच आहे. झाकण काढून पाण्यावर तिरका पंखा लावला की बाष्पीभवन वाढते, आणि उडून जाणारे पाणी उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. उडालेल्याची भरपाई रोज तांब्याभर पाण्याने करावी लागते, एवढेच.

गेल्या मे महिन्यात दुपारी टाकीचे पाणी ३२ अंशांवर गेले आणि एंजल पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले. मी टेबलफॅन आणायला आतल्या खोलीत गेलो. परत येतो तो आई टाकीत बोट बुडवून प्रसन्न चेहऱ्याने उभी होती. "आता कसं," ती म्हणाली, "हाताला बरं लागतंय पाणी."