कात्री

परवा संध्याकाळी मी गाणं ऐकत बसलो होतो. माझंच, आणि कितव्यांदा ते विचारू नका. धाकटी बहीण कात्री शोधायला खोलीत आली. "दादा, तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे का?" म्हणाली, शोधली, घेतली, गेली. गाण्याबद्दल एक अक्षर नाही. तिचं लक्षही नसावं. पण ती खोलीत होती त्या वीसेक सेकंदांत मला लख्ख ऐकू आलं, की गाण्यातला प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतोय आणि मुखडा परत येतो तेव्हा उसळायच्या ऐवजी अंग चोरून येतोय. पंधरा दिवस मी याच खुर्चीत, याच स्पीकरवर ते ऐकत होतो, आणि मला पत्ता नव्हता.

मिक्स करताना, म्हणजे वेगवेगळी वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवताना, प्रत्येक वाद्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारं सरकतं बटण, हाताशी असतो. मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवायला, बसलं की समोर उरते एकच स्टिरिओ फाइल. गाणाऱ्याचा आवाज जरा पुढे आणावा म्हटलं, तर त्याच पट्ट्यात वाजणारी गिटारही त्याचं बोट धरून पुढे येते. एकाचं भलं करायला जावं आणि दुसऱ्याने रुसावं, असा हा कारभार. म्हणून इथे खरं काम कानाचं. बटणं फिरवणं त्यामानाने थोडं.

आणि तो कान पूर्वी दुसऱ्याचा असायचा. तबकडीच्या काळात टेप जायची कटिंग, म्हणजे तबकडीवर खाच कोरायचं काम, करणाऱ्या माणसाकडे. डाव्या-उजव्या बाजूचा बेस फार वेगळा असेल तर सुई खाचेतून उडायची, 'स' फार तिखट असेल तर तिला तो नीट वाचताच यायचा नाही. हे बसणार नाही, ते चालणार नाही, असं तो सांगायचा. त्याला त्या गाण्याचं बालपण ठाऊक नसायचं. कुठली ओळ पहाटे तीनला सुचली, कुठल्या आलापासाठी भांडण झालं, याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. घरच्या स्टुडिओत गाणारा मी, वाजवणारा मी, मिक्स करणारा मी आणि शेवटी निवाडा देणाराही मीच. आपला तो बाब्या म्हणतात, तो असा.

खोलीही आपल्या बाजूने साक्ष देत नाही. माझी खोली साडेतीन मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. हिशेब केला तर समोरासमोरच्या भिंतींत पन्नासएक हर्ट्झची अर्धी लाट चपखल बसते. भिंतीपाशी तो सूर गुरगुरतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसाच होतो. माझी खुर्ची कुठे होती? बरोबर मध्यावर. बेस कमी वाटतोय म्हणून मी वाढवत राहायचो आणि इतरांकडे माझी गाणी घुमटात वाजल्यासारखी वाजायची. महागडं काहीतरी घ्यायच्या विचारात होतो. खुर्ची दोन फूट पुढे सरकवली आणि निम्मा बेस परत आला.

मुखड्याने अंग का चोरलं, ते मात्र पूर्णपणे माझं पाप. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय, की आवाज हळू असला की कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात. मोठ्याने लावलं की तेच गाणं भरदार वाटतं, आणि आपण समजतो, आपण काहीतरी सुधारलं. लिमिटर म्हणजे डोक्यावर धरलेलं छत. गाणं खालून वर रेटायचं, जे छताला लागेल ते दबतं. सगळ्यात उंच असतो ड्रमचा पहिला घाव, म्हणून आधी त्याचीच मान मुरगळली जाते. मी तीन डेसिबल रेटलं, वा म्हटलं, आणखी दोन रेटलं. यावर उपाय एकच: रेटलेलं गाणं मूळ गाण्याच्या पातळीवर खाली आणायचं आणि मग दोन्ही आलटून पालटून ऐकायची. निम्म्या वेळा मूळच बरं निघतं. (हे मी सहसा कुणाला सांगत नाही.) बरं, एवढं करून मिळवायचं काय? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४ लफ्सच्या (गाणं कानाला किती मोठं लागतं ते मोजायचं एकक) आसपास आणून वाजवतं. उणे ८ वर ठेचून भरलेलं गाणं तिथे सहा डेसिबल खाली येतं. मुरगळलेली मान काही सरळ होत नाही.

मग परका कान आणायचा कुठून? मी तीन दिवस गाण्याचं तोंड बघत नाही. मग शेजारच्या खोलीत जाऊन, दार अर्धवट लोटून, हळू आवाजात ऐकतो. भिंतीपलीकडून शब्द कळले नाहीत तर गाणाऱ्याचा आवाज मागे पडलाय, नुसती झांज आली तर वरचं टोक जास्त झालंय. फोनवर, मोनोमध्येही, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐकतो. कळ दाबली की मास्टर करून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांचा कान परका खराच, पण त्याला कंटाळा येत नाही, आणि मला हवा असतो तो कंटाळू शकणारा कान.

'स'चा बंदोबस्त मी मास्टरवर केला नाही. परत मिक्समध्ये गेलो, फक्त गाण्याच्या आवाजाच्या ट्रॅकवर डी-एसर, म्हणजे तिखट 'स' तेवढा दाबणारं साधन, लावला. मास्टरवर लावला असता तर झांजही बोथट झाली असती. लिमिटर साडेतीन डेसिबल मागे घेतला. मग बहिणीला हाक मारली.

"जरा बस इथे."

"काय ऐकू?"

"काही नाही. नुसती बस."

ती बसली, पण हात जुळवून, मान डोलवत, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. संपल्यावर म्हणाली, "छान आहे रे."

कात्रीची जागा खरं तर स्वयंपाकघरात आहे. हल्ली मी ती माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवतो.