लॅपटॉप घेताय? आधी रिझोल्युशन बघा

लॅपटॉप घेताना सगळे रॅम विचारतात, प्रोसेसर विचारतात, आणि ज्याच्याकडे दिवसभर बघायचंय त्या स्क्रीनचं कोणी विचारतच नाही. रिझोल्युशन म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे किती पिक्सेल, म्हणजे बारीक ठिपके, आहेत तो आकडा. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये अजूनही १३६६ × ७६८ ची स्क्रीन दिसते, ती १५.६ इंचात घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इंचाला जेमतेम १०० पिक्सेल पडतात आणि मराठी वाचताना ते लगेच कळतं, अनुस्वार आणि रफार पुसट होतात, ‘ष्ट’ नि ‘ष्ठ’ मधला फरक डोळे ताणून बघावा लागतो. त्याच साईजला १९२० × १०८०, म्हणजे फुल एचडी, घेतलं की इंचाला १४१ पिक्सेल, अक्षर एकदम स्वच्छ! १४ इंचात तर अजून छान. लिहिण्या-वाचण्याचं काम जास्त असेल तर १९२० × १२०० बघा, उंची थोडी जास्त मिळते, दोन-चार ओळी जास्त दिसतात.

फोरके (३८४० × २१६०) मात्र फोटो-व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनीच घ्यावं, फुल एचडीच्या चौपट पिक्सेल म्हणजे बॅटरी पण तशी खाणार.

आणि हो, घरात आई-बाबांना अक्षर बारीक वाटतं म्हणून रिझोल्युशन कमी करून देऊ नका प्लीज, सगळं धूसर होतं. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगला जाऊन रिझोल्युशन ‘रेकमेंडेड’लाच ठेवा आणि खालचं स्केल १२५ किंवा १५० टक्के करा, अक्षर मोठंही होतं आणि कडाही रेखीव राहतात.