आधी छटा, मग रंग

एखादे चित्र जमले आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला त्यातले रंग आवडलेले असतात. निदान आपला समज तसा असतो. माझे मत निराळे आहे. चित्र उभे राहते ते उजळ आणि गडद छटांच्या हिशेबावर. तो हिशेब चोख असला की रंगाला बरीच मोकळीक मिळते, आणि तो चुकला की कितीही उंची रंग वापरले तरी चित्र सपाट पडते. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या चित्राइतके याचे बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात असलेले हे चित्र कित्येक जण राजा रविवर्मांचे समजून पाहून येतात. प्रत्यक्षात ते मूळच्या सावंतवाडीच्या हळदणकरांनी (१८८२–१९६८) १९४५-४६ च्या सुमारास रंगवले असून, त्यासाठी त्यांची कन्या गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांतून पाझरणारा लालसर उजेड आणि मागच्या भिंतीवर पडलेली सावली, एवढाच काय तो विषय. मात्र हे जलरंगचित्र आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पारंपरिक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथे उजेड हवा तिथला कागद राखून ठेवावा लागतो आणि फिक्याकडून गडदाकडे जावे लागते. त्यातही पांढऱ्याशुभ्र कागदाचा उजळपणा खऱ्या ज्योतीच्या जवळपासही जात नाही. मग चित्रातला दिवा पेटलेला कसा वाटावा? कागद आहे त्यापेक्षा उजळ करता येत नाही, म्हणून चित्रकार त्याच्याभोवतालचे सगळे पायरीपायरीने उतरवत नेतो. दिव्याजवळचा चेहरा किंचित खाली, पदर त्याहून खाली, उजेडापासून दूरच्या निऱ्या आणखी खाली. पाहणाऱ्याचा डोळा उजेड मोजत नाही, तो दोन छटांमधले अंतर मोजतो. त्यामुळे चित्राचा मोठा भाग मध्यम आणि गडद छटांत ठेवण्याचा संयम ज्याला साधतो, त्याचाच दिवा पेटतो. नवशिक्या हाताने रंगवलेल्या दिव्याच्या चित्रात नेमके उलटे होते: ज्योतीत पिवळा रंग ओतलेला असतो, पण भिंत, साडी आणि चेहरा हे सारे तितकेच उजळ राहिल्यामुळे दिवा विझलेलाच दिसतो.

आता ती बोटे पाहा. ज्योतीचा उजेड मांसातून आरपार येतो म्हणून ती लाल दिसतात, परंतु लाल रंगाची एक अडचण आहे. त्याला फार फिके केले की तो गुलाबी होतो आणि त्यातली धग जाते. लालाचा भर मध्यम छटेतच टिकतो. म्हणजे प्रकाशाच्या सर्वांत जवळ असलेली ही बोटे शेजारच्या उजळ भागापेक्षा गडद रंगवावी लागतात, आणि तरीही ती उजळलेली वाटली पाहिजेत. इथे छटेचा आणि रंगाचा निर्णय एकच होऊन जातो. साडीचा जांभळट रंगही असाच कामाला येतो, कारण जांभळ्याच्या सान्निध्यात दिव्याचा पिवळा अधिक तेजस्वी भासतो.

रचनेबद्दल फार लिहिण्याची गरज मला वाटत नाही. एकच उभी आकृती, मागे जवळजवळ रिकामी भिंत, आणि नजर वळवायला दुसरी वस्तू नाही. खरे तर चांगली रचना ही गडद-उजळ भागांची मांडणीच असते. डोळे किलकिले करून पाहिले की तपशील विरघळतात आणि ती उघडी पडते. हल्ली मोबाइलवर चित्राचा फोटो कृष्णधवल केला तरी हेच काम होते, आणि प्रदर्शनात मी ते बिनदिक्कत करतो.

या कसोटीवर न टिकणारे एक थोर चित्र मात्र आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’मध्ये ल हाव्र बंदरावर उगवलेला नारिंगी सूर्य भोवतालच्या करड्या-निळ्या आकाशाइतक्याच उजळपणाचा आहे; कृष्णधवल केल्यास तो जवळजवळ नाहीसा होतो. तो थरथरल्यासारखा वाटतो त्याचे कारण हेच सांगितले जाते की डोळ्याला रंगाचा फरक दिसतो, पण उजळपणाचा फरक सापडत नाही. मग माझे म्हणणे खोटे पडते का? तितकेसे नाही. त्याच चित्रात पुढच्या बाजूला एक छोटी नाव आहे, धुक्यातल्या इतर सगळ्या आकारांहून ठळक आणि गडद. सूर्य इतका निव्वळ रंगाच्या भरवशावर सोडणे मोनेला परवडले, कारण बाकीचे चित्र त्या नावेने धरून ठेवले आहे.